ठाण्यातला फ्लॅट विकून नेरुळमध्ये रीसेल घ्यायचा आहे: मुद्रांक, टीडीएस, भांडवली नफा, सिडको, एकूण खर्च आणि पैसे भरायचा क्रम?

कोलशेत_०७

नमस्कार. दोन्ही व्यवहार डिसेंबर २०२५ ते फेब्रुवारी २०२६ या काळात उरकायचे आहेत. तपशील असा:

विक्री: ठाणे पश्चिम, १ बीएचके. ऑक्टोबर २०१२ मध्ये बिल्डरकडून ४२ लाखांना घेतला, मुद्रांक आणि नोंदणी धरून ४४.८० लाख. फक्त माझ्या नावावर. आता ९५ लाखांना ठरतोय, दलाली १ टक्का. कर्ज फिटलेलं आहे.

खरेदी: नेरुळ, २ बीएचके रीसेल, सहावा मजला, लिफ्ट आहे, सिडकोच्या भूखंडावरची सोसायटी. १.४० कोटी. विकणारे नवरा-बायको, दोघांच्या नावावर निम्मा निम्मा. मी ५० लाख कर्ज घेणार.

एजंट सांगतो की घर एकट्या बायकोच्या नावावर घ्या, मुद्रांकात सरळ १ लाख ४० हजार वाचतील. घ्यावं का? शिवाय कोणती रक्कम कधी आणि कोणाच्या खिशातून जाते, याचा क्रम हवा आहे.

---

दस्त_नोंदणी

मुद्रांकापासून सुरुवात करतो.

ठाणे आणि नवी मुंबई महापालिका हद्दीत ५ टक्के मूळ शुल्क, १ टक्का स्थानिक संस्था अधिभार आणि १ टक्का मेट्रोचा अधिभार, असे मिळून ७ टक्के लागतात. मुंबईतला नातेवाईक ६ सांगेल, तो त्याच्या हद्दीपुरता बरोबर आहे. १.४० कोटीवर ९,८०,००० रुपये होतात. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३०,०००. दस्ताच्या पानांनुसार हाताळणी शुल्क वेगळं, ते किरकोळ.

हे ७ टक्के कराराच्या किमतीवर की रेडी रेकनरवर (सरकारने ठरवलेल्या दरांवर)? दोन्हींत जी रक्कम जास्त, तिच्यावर. म्हणून टोकन देण्याआधी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-एएसआरवर (ऑनलाइन दरतक्त्यावर) नेरुळचा तुमचा विभाग उघडून मूल्यांकन काढाच. ते काढताना लोक तीन ठिकाणी चुकतात. एक, तक्त्यातला दर बांधीव चौरस मीटरला असतो, करारात मात्र कार्पेट (भिंतींच्या आतलं क्षेत्रफळ) लिहिलेलं असतं. ते बांधीवमध्ये बदलावं लागतं, नाहीतर मूल्य कमी येतं आणि कार्यालयात आकडा वाढतो. दोन, लिफ्ट असलेल्या इमारतीत पाचव्या ते दहाव्या मजल्याला दरात ५ टक्के वाढ आहे, तुमचा सहावा त्यात बसतो. तीन, जुन्या इमारतीला वयानुसार घसारा मिळतो, पण वयाचा पुरावा तुम्हीच द्यायचा: भोगवटा प्रमाणपत्र किंवा मालमत्ता कराची जुनी आकारणी. पुरावा नसेल तर घसाराही नाही.

समजा मूल्यांकन १.५० कोटी आलं. मग मुद्रांक १०.५० लाख. कराराची किंमत आणि मुद्रांक मूल्य यांतला फरक कराराच्या १० टक्क्यांच्या आत असेल, म्हणजे तुमच्या बाबतीत १४ लाखांच्या आत, तर खरेदीदाराच्या उत्पन्नात तो धरला जात नाही. १.५६ कोटी आलं तर मात्र १६ लाखांचा पूर्ण फरक तुमचं 'इतर उत्पन्न' होतो, १४ च्या वरचे दोन लाख नव्हे. हीच १० टक्क्यांची सवलत विकणाऱ्यालाही आहे, तेव्हा ठाण्याच्या फ्लॅटचंही मूल्यांकन पाहून घ्या.

प्रत्यक्ष काम असं चालतं. कराराचा मसुदा पक्का झाला की ग्रास या सरकारी भरणा संकेतस्थळावर चलन काढायचं. जिल्हा ठाणे निवडायचा, नवी मुंबईसाठीसुद्धा. चलनावरची पक्षकारांची नावं आणि मिळकतीचं वर्णन दस्ताशी जुळलं पाहिजे. मग पब्लिक डेटा एंट्री करून (दस्ताची माहिती ऑनलाइन भरून) क्रमांक घ्यायचा, वेळ आरक्षित करायची आणि सगळे पक्षकार, ओळख पटवणारे दोघे, पॅन, आधार घेऊन दुय्यम निबंधकांकडे जायचं. तिथे चलन डिफेस होतं (पुन्हा वापरता येऊ नये असं) आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा, मिळतो. मुद्रांक सहीच्या आधी, त्याच दिवशी किंवा लगेचच्या कामाच्या दिवशी भरलेला हवा. नोंदणीला सहीपासून चार महिने असतात. 'आत्ता नोटरी करून ठेवू, नोंदणी नंतर' असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. कमी भरलेल्या मुद्रांकावर दरमहा २ टक्के दंड चढतो.

आणखी एक गोष्ट, जिच्यामुळे पैशांची गणितं कोसळतात: मुद्रांक आणि नोंदणी बँक घराच्या किमतीत धरत नाही. रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. म्हणजे हे १०.१० लाख कर्ज सुटण्याआधी, तुमच्या स्वतःच्या पैशांतून जाणार. कर्जाच्या गहाणाचा मुद्रांक ०.३ टक्के, ५० लाखांवर १५,०००. बँक ते वेगळं मागेल, तेव्हा दचकू नका.

---

ताळेबंद_ठाणे

वरच्या उत्तराला पूर्ण सहमती. बायकोच्या नावाचा प्रश्न मात्र मुद्रांकापुरता नाही, आणि एजंटने अर्धंच सांगितलं आहे.

महिलांना १ टक्का सवलत आहे, निवासी घराला, आणि सगळे खरेदीदार महिला असतील तरच. नवरा-बायको दोघांची नावं टाकली तर सवलत नाही. सवलत घेतलेलं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही ही जुनी अट २०२३ मध्ये काढली, त्यामुळे तो अडसर राहिलेला नाही. इथवर एजंट बरोबर आहे.

आता दुसरी बाजू. ठाण्याचा फ्लॅट एकट्या तुमच्या नावावर, म्हणून नफाही एकट्या तुमचाच. तो वाचवायला आयकर कायद्याच्या कलम ५४ खाली नवं घर 'करदात्याने' घ्यावं लागतं. नवं घर फक्त पत्नीच्या नावावर असलं तर सूट मिळते का, यावर न्यायालयांचे निकाल दोन्हीकडे आहेत. दिल्ली उच्च न्यायालयाने पत्नीच्या नावावरच्या घराला सूट दिली आहे. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने २००८ मध्ये दत्तक मुलाच्या नावावर घेतलेल्या घराला नाकारली. तुम्ही ठाण्याचे, तुमचा निर्धारण अधिकारी मुंबईच्या निकालाकडेच बोट दाखवणार.

पणाला किती लागतंय ते मोजू.

विक्री ९५,००,०००, वजा दलाली ९५,०००, राहिले ९४,०५,०००. खरेदी ४४,८०,०००. नफा ४९,२५,०००. २३ जुलै २०२४ नंतरच्या नियमाने महागाई निर्देशांक न लावता १२.५ टक्के, म्हणजे ६,१५,६२५; ४ टक्के उपकर धरून ६,४०,२५०.

घर २३ जुलै २०२४ आधी घेतलेलं आणि तुम्ही निवासी व्यक्ती, म्हणून जुन्या पद्धतीने कर कमी येत असेल तर तेवढाच लागतो. २०१२-१३ चा निर्देशांक २००, २०२५-२६ चा ३७६. ४४,८०,००० गुणिले १.८८ = ८४,२२,४००. नफा ९,८२,६००, त्यावर २० टक्के म्हणजे १,९६,५२०, उपकरासह साधारण २,०४,३८०. तुमच्या फ्लॅटचा भाव महागाईच्या जेमतेम पुढे गेलाय, म्हणून जुनी पद्धत इतकी स्वस्त पडते. ज्यांच्या घराची किंमत चौपट झाली त्यांना उलट १२.५ टक्केच बरे. दोन्ही पद्धतींनी आकडे काढल्याशिवाय ठरवू नका.

म्हणजे १.४० लाख वाचवायला २.०४ लाखांचा कर, व्याज आणि अपिलाचा खर्च अंगावर ओढवून घ्यायचा. शिवाय पैसा तुमचा आणि घर पत्नीचं असलं तर घरभाडं कलम ६४ प्रमाणे तुमच्याच उत्पन्नात धरलं जातं. पत्नीची स्वतःची कमाई नसेल तर बँकही कर्जासाठी तुम्हाला सहकर्जदार करणार. माझं स्पष्ट मत: तुमचं नाव पहिलं, हवं तर पत्नीचं दुसरं, ७ टक्के भरा. सवलतीचा खरा उपयोग अशा कुटुंबांना आहे, जिथे जुनं घर पत्नीचंच होतं किंवा कुठलंच घर विकायचं नाही.

मुदती: नवं घर विक्रीच्या आधी एक वर्ष ते नंतर दोन वर्षं या काळात घ्यायचं. घराच्या किमतीत मुद्रांक आणि नोंदणीही धरता येते. खरेदी लांबली आणि ३१ जुलै २०२६ ला विवरणपत्र भरताना पैसे वापरलेले नसतील, तर तेवढी रक्कम त्याआधी बँकेत भांडवली लाभ खात्यात टाका. साधी मुदत ठेव चालत नाही. नेरुळचं घर तीन वर्षांच्या आत विकलं तर वाचवलेला नफा परत करपात्र होतो.

२०१२ ची बिल्डरची पावती शोधा. तेव्हा व्हॅट आणि सेवा कर वेगळे घेत असत, तेही खरेदी किमतीत येतात. भिंतीला बसवलेलं स्वयंपाकघराचं फर्निचर बिल असेल तर सुधारणा म्हणून दाखवता येतं. सोफा, एसी, सोसायटीचा मेंटेनन्स नाही. गृहकर्जाचं जे व्याज आधीच वजावटीत घेतलंय ते पुन्हा किमतीत मिळवू नका, २०२३ च्या वित्त कायद्याने ती वाट बंद केली.

जीएसटी? रीसेलला नाही. भोगवटा प्रमाणपत्राआधी बिल्डरकडून घेतलं तरच.

---

पामबीच_३

टीडीएसचा (पैसे देतानाच कापून सरकारला भरायच्या कराचा) भाग सुटलाय, तो लिहितो. तुमचा खरेदीदार ९५ लाखांवर १ टक्का म्हणजे ९५,००० कापून तुम्हाला ९४.०५ लाख देणार. ते कापलेले पैसे तुमच्या २६एएसमध्ये (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात) दिसले पाहिजेत. कलम ५४ ने नफा करमुक्त झाला तर विवरणपत्रात परतावा मिळेल. पॅन आधारशी जोडलेला नसेल तर १ टक्क्याऐवजी २० टक्के कपात होते, म्हणून आजच तपासा.

नेरुळच्या व्यवहारात कापणारे तुम्ही. टोकनसुद्धा धरून प्रत्येक हप्त्यावर कापायचं, शेवटी एकदम नाही. ज्या महिन्यात कापलं तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत फॉर्म २६क्यूबीने भरायचं. डिसेंबरच्या टोकनसाठी ३० जानेवारी. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये फी, वर व्याज. ५० लाखांची मर्यादा (त्याखाली कपात नाही) आता प्रत्येकाच्या हिश्श्याला वेगळी लागत नाही, १ ऑक्टोबर २०२४ पासून पूर्ण व्यवहाराची रक्कम पाहतात. खरेदीदार दोन, विकणारे दोन, तर फॉर्म चार. बहुतेक गोंधळ इथेच होतो: लोक एकच फॉर्म भरतात आणि दुसऱ्या विक्रेत्याच्या पॅनवर काहीच दिसत नाही.

रेडी रेकनर करारापेक्षा जास्त असेल तर १ टक्काही त्या जास्त रकमेवर.

रोख बिलकुल नको. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० किंवा जास्त रक्कम रोखीने घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड. टोकन बँकेतून दिलं-घेतलं आणि तारीख करारात लिहिली की आणखी एक फायदा: मध्ये रेडी रेकनर वाढला तरी आयकरासाठी टोकनवेळच्या करारतारखेचं मूल्य धरता येतं.

आता सिडको. नेरुळमधली जमीन सिडकोने साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली आहे. तुम्ही इंडेक्स टू आणि शेअर सर्टिफिकेट पाहून खूश व्हाल, पण सिडकोच्या दप्तरी शेवटचं नाव कोणाचं आहे ते आधी बघा. बऱ्याच फ्लॅटमध्ये मधल्या मालकाने करार नोंदवला, सोसायटीत नावही लागलं, पण सिडकोकडे हस्तांतरण केलंच नाही. तुम्ही गेलात की राहिलेल्या प्रत्येक हस्तांतरणाचं शुल्क मागतात. विक्रेत्याकडून सिडकोचा हस्तांतरण आदेश आणि सेवा शुल्काची थकबाकी नसल्याचा दाखला मागा. सोसायटीच्या नावे भाडेपट्टा करार झालाय का हेही विचारा, सिडकोची पुढची प्रक्रिया त्यावर ठरते.

सोसायटीचं हस्तांतरण अधिमूल्य महापालिका हद्दीत कमाल २५,०००, शासनाच्या ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार. त्याच्या वर ५०० रुपये हस्तांतरण फी आणि १०० रुपये प्रवेश फी. 'इमारत निधी' किंवा 'स्वेच्छा देणगी' म्हणून लाख मागितले तर लेखी मागणी द्या म्हणावं, सहसा मागणी तिथेच थांबते. हे शुल्क आणि सिडकोचं शुल्क कोणी भरायचं ते करारात कलम घालून लिहा. निम्मं निम्मं हा फक्त रिवाज आहे.

---

कोलशेत_०७

खूप आभार. बायकोच्या नावाचा विचार सोडला, दोघांच्या नावावर घेतो. आज एक नवीन गोष्ट कळली: नेरुळच्या विक्रेत्यांपैकी नवरा गेली सहा वर्षं दुबईत नोकरीला आहे. एजंट म्हणतो, पॅन आहे ना, मग तोच १ टक्का. बरोबर का? टोकन परवा द्यायचं ठरलंय.

---

ताळेबंद_ठाणे

चूक. टोकन थांबवा.

पॅन असल्याने कोणी निवासी होत नाही. अनिवासी विक्रेत्याला १९४-आयए, म्हणजे १ टक्का कपातीचं कलम, लागूच नाही, कलम १९५ लागतं, आणि तिथे ५० लाखांची मर्यादाही नाही. त्याच्या ७० लाखांवर १२.५ टक्के, १० टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर, एकूण १४.३ टक्के, म्हणजे १०,०१,०००. विक्रेत्याची पत्नी निवासी असेल तर तिच्या ७० लाखांवर १ टक्का, ७०,०००, २६क्यूबीने. तिचा निवासी दर्जाही लेखी घ्या. नवऱ्यासोबत राहत असेल तर तीही अनिवासी निघेल.

इतकं कापू दिलं तर विक्रेता भांडेल, आणि त्याचंही खरं आहे, कारण त्याचा प्रत्यक्ष नफा कमी असणार. त्यावर उपाय म्हणजे त्याने आयकर विभागाकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र काढायचं, कलम १९७, फॉर्म १३. क्रम मात्र नीट समजून घ्या. ते प्रमाणपत्र कापणाऱ्याच्या टॅनवर (कर कापणाऱ्याला मिळणाऱ्या क्रमांकावर) निघतं. म्हणून आधी तुम्ही दोघांनी फॉर्म ४९बी भरून टॅन घ्यायचा, तो त्याला द्यायचा, मग तो अर्ज करणार. प्रमाणपत्र निघायच्या आधी दिलेल्या पैशांना ते लागू होत नाही, त्यांवर पूर्ण दराने कापावं लागतं. टोकन द्यायचंच असेल तर छोटं, आणि शक्यतो पत्नीच्या हिश्श्यातून, तसं लिहून.

कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायची, तिमाहीचं विवरण फॉर्म २७क्यू, आणि त्याला फॉर्म १६ए (कर कापल्याचा दाखला) द्यायचा. २६क्यूबीने त्याच्या नावावर १ टक्का भरून मोकळं झालात तर राहिलेला कर, व्याजासह, विभाग तुमच्याकडून वसूल करू शकतो. घर ताब्यात घेऊन वर्ष-दोन वर्षं झाल्यावरही नोटीस येते. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतोय, कलमांचे क्रमांक बदलतील, व्यवहार मार्चअखेर पुरा झाला तर तुम्हाला हेच क्रमांक लागू.)

---

दस्त_नोंदणी

नवरा सहीला येणार नसेल तर कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून पाठवेल. ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांत इथे मुद्रांकित करून घ्यावं लागतं. ती तारीख हुकली की दुय्यम निबंधकांकडे दस्त अडकतो. त्यात नेरुळच्या फ्लॅटचं पूर्ण वर्णन आणि विक्री, पैसे स्वीकारणं, नोंदणीला हजर राहणं हे अधिकार स्पष्ट लिहिलेले हवेत. 'सर्व व्यवहार' असं मोघम लिहिलेलं बँक नाकारते. त्याच्या हिश्श्याचे पैसे त्याच्या एनआरओ (अनिवासी भारतीयाच्या भारतातल्या उत्पन्नाच्या) खात्यातच द्या, मुखत्यार असलेल्या भावाच्या खात्यात नाही.

---

कोलशेत_०७

समजलं. पण प्रमाणपत्राला महिना-दीड महिना लागला आणि माझ्या ठाण्याच्या खरेदीदाराला घाई असली तर?

---

ताळेबंद_ठाणे

तर ठाण्याचा व्यवहार अडवू नका, तो त्याच्या वेळेने होऊ द्या. ठाण्याच्या विक्रीनंतर दोन वर्षं हातात आहेत, नेरुळ मार्चमध्ये झालं तरी कलम ५४ ला काही होत नाही. फक्त तेवढे महिने राहायची सोय बघा, किंवा ठाण्याच्या करारात ताबा ६० किंवा ९० दिवसांनी द्यायचं कलम घाला. बदल्यात खरेदीदार शेवटचा हप्ता ताब्याच्या दिवसापर्यंत राखून ठेवेल, ते रास्त आहे.

नेरुळच्या करारात तीन वाक्यं नक्की घाला. प्रमाणपत्र मिळेपर्यंत अनिवासी विक्रेत्याचा हिस्सा देय होणार नाही. प्रमाणपत्र ठरलेल्या तारखेपर्यंत आलं नाही तर खरेदीदार पूर्ण दराने कापून उरलेली रक्कम देईल आणि विक्रेत्याची त्याला हरकत नसेल. कापलेली रक्कम पूर्ण मोबदला दिल्याचाच भाग मानली जाईल. हे तिसरं वाक्य राहिलं की विक्रेता ताब्याच्या दिवशी 'माझे दहा लाख कमी आले' म्हणून चावी अडवतो.

बँकेलाही हे आत्ताच कळवा. ५० लाखांचा धनादेश ती विक्रेत्यांच्या नावे थेट काढते, त्यामुळे कर भरायची रक्कम तुमच्या स्वतःच्या हिश्श्यातून बाजूला राहिली पाहिजे.